शेठचा फोन न्हाय आला

आमच्या भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. बाकीच्या दिवशी हिथं कोनाला काय धड ऐकू येत न्हाय, घरात बसलं तरी भिंतीची खडखड अंगाला लागते. शुक्रवारी दुपारी मातर कुनाच्या घरात चमचा पडला तरी गल्लीला कळतं. म्हनून माझा रेडिओचा कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. नमाज झाली, जेवनं झाली, मानसं आडवी झाली, की मी येतो. शास्त्रीय गानं लावतो नि मधी मधी बोलतो. 'बसा, ऐका' हे नाव मीच ठेवलं. सईदानं आधी 'स्वरसुगंध' काढलं होतं. मी बोल्लो, बेटा, ह्या नावाला मानूस दारात चपला काढंल नि आत यायचं सोडून माघारी जाईल.

मी लडकू. भिवंडीला लागून गाव हाय, नावच कोन, तिथला. शाळा सातवीत सुटली. उभा जन्म जब्बारशेठच्या कारखान्यात लूम दुरुस्त करन्यात गेला, आमच्यात त्याला जॉबर बोलतात. असा मानूस रेडिओवर रागदारी सांगतो ह्याचं लोकांना नवल वाटतं. मला बी वाटतं. ह्या सगळ्याच्या मागं शेठ हायत. त्यांचा फोन यायचा बंद झाला, तिथून ही गोष्ट हाय. पन फोन बंद झाल्याचं दुख कळायचं तर फोन कसा होता ते आधी कळाया पायजे.

कार्यक्रम संपला, मी कानावरचा हेडफोन काढला, की खिशात फोन वाजायचा.

"लडक्या, आज लई बोललास. गानारी बाई दारात उभी, नि तू लोकांना तिचा पत्ता सांगत बसलास."

ठेवला फोन. न्हायतर दुसऱ्या शुक्रवारी, "मुलतानी लावलीस. बरी लावलीस. पन ती उदास हाय असं का बोल्लास? तुला सांगाया आली होती का ती?" ठेवला. आनि खरंच आवडलं असलं तर नुसतं, "हां. जेव आता."

त्या 'जेव आता'वर मी पुढच्या शुक्रवारपरेंत जगायचो. चंद्रा, माझी बायको, मी दारात पाय टाकला की तोंड बघून बोलायची, "आज बक्षीस भेटलेलं दिसतंय. भात जरा जास्तीच वाढते."

शेठकडं मी कामाला लागलो तवा मला गान्यातलं भजनापुरतं कळायचं. आमच्या गावात भजनाचं येड, मी बुवाच्या मागं झील धरायचो. बुवा राग गायचे, पन नाव इचारलं तर बोलायचे, "तुला नाव कशाला पायजे रे, सोयरीक जमवायचीय?" तर तेवढंच. कारखान्यात जॉबरची खरी ड्युटी शुक्रवारी, कारन बंद लूमच दुरुस्त करता येतो. मी लूमखाली आडवा, अंगभर तेल, नि शेठ नमाज करून यायचे, कापडाच्या गठानीवर बसायचे नि टेप लावायचे. घरात लावायचे न्हाय. घरात मानसं बोलतात. पयलं पयलं मला वाटायचं, मालक आपल्यावर नजर ठेवाया बसतो.

एक दिस ते लूमखाली वाकले. "ए, आता काय झालं?"

"पट्टा तुटलाय शेठ."

"पट्टा न्हाय रे. गान्यात काय झालं?"

मी खालूनच कान दिला. बोल्लो, "तो मानूस वरच्या माळ्यावर जायाला निघाला, अर्ध्या पायरीवर थांबला, नि परत खाली आला."

"का आला खाली?"

"कायतरी इसरला असंल."

शेठ इतके हसले की हातातली चा गठानीवर सांडली, नि ते कापड मंग कोनी घेईना. तवापासनं ते मला शिकवाया लागले. शिकवाया म्हंजे काय, वही न्हाय, पेटी न्हाय. टेप लावायचे नि बोलायचे, आता काय दिसतंय ते बोल. रागाचं नाव सगळ्यात शेवटी. नाव पयलं सांगलं की मानूस ऐकायचं सोडतो, त्याला वाटतं झाली वळख, असं त्यांचं म्हननं. मी आजबी तसंच करतो.

पुढं शेठनी लूम इकले. कारखान्यात आता गोदाम हाय, बाजूच्या पूर्ण्याला जशी झाली तशी. मी घरी बसलो नि चंद्राच्या पायात पायात करू लागलो. तवा शेठची मुलगी सईदा, शिकलेली, तिनं गावातल्या लोकांसाठी छोटं रेडिओ स्टेशन काढलं. कोनपासनं पूर्ण्यापरेंत चांगलं लागतं. वज्रेश्वरीला मेव्हन्याकडं जाऊन बघितलं, तिथं नुसती खरखर. मेव्हना बोल्ला, भावोजी तुमचा आवाज हुबेहूब आला.

तर सईदा घरी आली. "लडकूचाचा, शुक्रवारचा एक तास तुमी घ्या. गान्याचा."

"तुझे अब्बा घेतील की. त्यांच्याएवढं कोनाला कळतं?"

"अब्बाच बोल्ले. बोल्ले, मी सांगलं तर लोक मान देतील. लडकू सांगल तर ऐकतील."

पयल्या दिवशी काय झालं ते भिवंडीत अजून सांगतात, तवा मीच सांगून टाकतो. मी आत बसलो. समोर माइक, पलीकडं काच, काचेमागं मशीनवर हरेश, आमच्याच बाजूचा, दोन लेकरांचा बाप. कानावर हेडफोन घातला, त्यात तंबोरा नि तबला कान फुटंस्तवर भरला. हरेशनं बोट केलं. मी बोलाया लागलो. चांगला बोललो, अगदी मनापासून. बघतो तर हरेश काचेवर मुठी मारतोय. मला वाटलं, आवडलं त्याला. मी आनखी रंगात आलो. शेवटी तो दार ढकलून आत आला.

"काका, आवाज कुठाय?"

आता हे तुमाला सांगाया पायजे. लूम चालू असताना आमी लोक आवाज काढतच न्हाय. दिसभर कोन वरडनार? नुसतं तोंड करायचं. ओठ नीट हलवायचे, समोरच्यानं ओठ बघायचे, झालं बोलनं. शिव्या बी तशाच. कानात एवढा आवाज भरला, माझ्या अंगाला वाटलं लूम चालू झाले, नि गळा आपोआप बंद. भिवंडीनं माझा पयला कार्यक्रम नुसत्या तंबोऱ्यावर काढला.

तवा शेठचा पयला फोन आला. "आजच्यासारखा बोलत राहिलास तर लई टिकशील."

टिकलो पन. देवाची नि लोकांची किरपा. गोदामातल्या पोरी डब्याच्या टायमाला रेडिओ लावतात. बाजारपेठेतला एक अत्तरवाला मला बघितलं की बाटलीचं झाकन उघडून मनगटावर लावतो, पैसे घेत न्हाय. यूपीचा एक लूमवाला चाचा दर महिन्याला फोन करतो, "लडकूभाई, वो सीढ़ीवाला फिर लगाओ." कुठला सीढ़ीवाला ते मला बी ठाऊक न्हाय, जे चढतंय ते लावतो, तो खूश. म्हातारपनी मानसाला कोनी बोलाया मिळत न्हाय, नि मला आख्खं गाव ऐकतं. हे मी कुठून फेडू?

म्हनून तर ते झालं. थंडीच्या तोंडाला कार्यक्रमाचं वरीस भरलं, तवा सईदा बोल्ली, चाचा, आज जरा तुमच्याबद्दल बोला. मी माइकवर बोल्लो, "मला कान जब्बारशेठनी दिले. पगार बी दिला, तो मी खाऊन संपवला. कान अजून पुरतायत." एवढंच. आवाज निघाला, तेवढं बघितलं.

कार्यक्रम संपला. मी फोन हातात धरून बसलो. फोन न्हाय आला.

पुढच्या शुक्रवारी न्हाय. त्याच्या पुढच्याला बी न्हाय. मी लावला, तर सईदा उचलायची. "अब्बा झोपलेत." "अब्बा नमाजला बसलेत." "अब्बा बरे हायत चाचा, उगाच घोर नका लावून घेऊ." बोलायची नि पटकन ठेवायची. रेडिओवर भेटली की नजर चुकवायची.

मला काय ते उमगलं, म्हंजे उमगलं असं वाटलं. शेठना स्वताचं नाव मोठ्यानं घेतलेलं खपत न्हाय. मशिदीला पंखे दिले तवा पंख्यावर नाव टाकनाऱ्या पेंटरला त्यांनी शिडीवरून खाली उतरवला होता. नि मी त्यांचं नाव आख्ख्या भिवंडीत वाजवलं. रागावले. आता हा मानूस माझ्यावर रागावला तर त्या खुर्चीत बसून मी करू काय? गानं लावायचो, बोलायचो, पन कुनाला सांगतोय तेच कळंना. यूपीवाला चाचा बी बोल्ला, "भाई, तबीयत ठीक है?"

चंद्राला बोल्लो, "मी सोडतो. खुर्ची शेठची, त्यांना परत."

ती भाकरी थापत होती. "रेडिओवर तुमी शेठसाठी बसता का गावासाठी?"

"शेठसाठी. गाव मधी ऐकतं."

"मंग तोंडावर जाऊन इचारा. फोनवर रुसायला तुमी काय नवी नवरी हाय?" नि तिनं वालाचं बिरडं नि तांदळाच्या भाकऱ्या डब्यात भरल्या. "हे द्या आधी. भरल्या तोंडानं मानूस शिव्या देत न्हाय."

शुक्रवारी सकाळीच गेलो. सईदानं दार उघडलं नि तिचं तोंड उतरलं. मी थेट आत. शेठ खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, बाहेर बघत. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो, मान खाली, नजर फरशीवर, नि वाटेभर घोकून आलेलं सगळं बोलून टाकलं. शेठ, चुकलो, नाव नको घ्यायला होतं, पन खोटं न्हाय बोल्लो, तुमाला नको असंल तर आजपासनं न्हाय बसनार. सगळं.

मी वर बघितलं तर शेठ माझ्याकडं बघून हसतायत. "लडक्या. कवा आलास? उभा काय, बस ना." नि डब्याकडं हात.

माझ्या बोलन्यातलं एक अक्षर त्यांच्यापरेंत गेलं नव्हतं.

सईदा मागं उभी होती. बोल्ली, "चाचा, त्यांना ऐकू येत न्हाय. थंडीच्या तोंडालाच गेलं. त्याच्या आधी फोन कानाला दाबून दाबून कसंतरी चालवत होते. मला शपथ घातली होती, लडकूला सांगायचं न्हाय."

"मशीन असतं ना कानाचं?"

तिनं खिडकीत बोट केलं. तिथं पडलं होतं, बदामाच्या वाटीत. "घातलं की बोललेलं जरा कळतं. पन गानं, अब्बा बोलतात, पत्र्यावर खडे टाकल्यासारखं येतं. डॉक्टर बोल्ले सवय होईल. अब्बा बोल्ले, मला ह्याची सवय व्हायला नको. काढून ठेवलं."

"मंग मी नाव घेतलं तो दिवस?"

"रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. मी वरडून सांगलं, चाचा तुमचं नाव घेतायत. ते बोल्ले, हां हां, चांगला बोलतो."

पयलं मला बरं वाटलं, की रागावले न्हायत. मंग त्या बरं वाटन्याचीच लाज वाटली. ज्या मानसानं मला ऐकाया शिकवलं त्याला ऐकू येत न्हाय, नि मी आपला माझ्या फोनाचं घेऊन बसलेलो.

"काय कुजबुज चाललीय?" शेठ मोठ्यानं बोल्ले. आपला आवाज आपल्याला येत न्हाय म्हंजे तो वाढतोच. सईदा त्यांच्या कानाशी वाकली नि वरडली, "चाचा भेटाया आलेत." घरात सगळे असेच वरडायचे. वरडून काय व्हनार? बंद पडलेल्या लूमला लाथ मारली म्हनून तो चालतो का? पन तिची तरी काय चूक. लूम चालू असताना ती कधी आत उभी राहिली न्हाय. वरडताना तोंड वाकडं होतं, ओठांचा आकार जातो, हे तिला कोन सांगनार?

मी स्टूल ओढलं. शेठच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलो, उजेडाकडं तोंड केलं, नि आवाज न काढता बोललो. जसं कारखान्यात.

*शेठ, बिरडं गरम हाय, खाऊन घ्या.*

शेठचे डोळे बारीक झाले. पुढं वाकले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मालक झाले त्याच्या आधी तेबी बापाच्या कारखान्यात लूमवर उभेच राहिलेले. मला वाटलं आता रडतात. ते बोल्ले, "मिशी काप."

*काय?*

"मिशी काप ती. वरचा ओठ दिसत न्हाय. कोन वाचनार ह्या झाडीतून?"

लूम सुटले तवापासनं वाढवलेली मिशी. भजनात मला मिशीवाला लडकू बोलतात. पन काय करता? सईदानं कात्री आनली, न्हानीच्या आरशात मी ती ओठापरेंत काढली. सईदा हसली नि त्याच दमात ओढनीनं डोळे पुसले. "चाचा, तुमी काय बोलत होता? मला तर नुसता मासा दिसत होता."

परत बसलो. आता गाडी रुळाला लागली. शेठनी लूमच्या काळातल्या मानसांची चौकशी केली, कोन हाय, कोन गेला. चंद्राच्या बिरड्याला नावं ठेवत सगळं संपवलं. मंग मी मुद्द्यावर आलो. *शेठ, रेडिओवर मी तुमचं नाव घेतलं होतं. तुमाला कळलं न्हाय, म्हनून परत सांगतो. मला जे काय...*

शेठनी मान फिरवली. खिडकीबाहेर बघाया लागले. तोंड बघितलं न्हाय तर ऐकू येत न्हाय, किती सोयीचं. मी थांबलो की ते वळायचे. मी सुरू केलं की परत खिडकी.

मी बोल्लो, *बरं, ऱ्हायलं.*

"आज काय लावतोस?" लगेच इचारलं.

*शुद्ध सारंग.*

"कोन गातं?"

*तुमच्या टेपवरच्या जुन्या बाई.*

शेठचा मांडीवरचा हात मांडीवरच फिरला. "सांग मला. कशा गातात ते."

*हिथं सांगून काय मजा. चला रेडिओवर.*

"बहिरा मानूस गान्याच्या कार्यक्रमाला? लोक हसतील."

*रेडिओवर दिसत न्हाय शेठ.*

दुपारी नमाज करून ते आले. सईदानं एक बाजूनं धरलं होतं, पन जिन्यावर तिचा हात सोडून स्वता चढले. हरेशनं माझ्यासमोर दुसरी खुर्ची टाकली, माइक जरा खाली केला, म्हंजे माझं तोंड झाकायला नको. कार्यक्रम सुरू झाला. मी भिवंडीला सांगत होतो नि बघत शेठकडं होतो. त्यांना कळाया पायजे म्हनून एक एक शब्द पुरा करून टाकत होतो, घाई न्हाय. हरेशनं काचेमागून अंगठा दाखवला. पुढं त्यानं सांगलं, काका, आजच्याएवढं साफ तुमी कधी बोलला न्हाय.

गानं लागलं, माइक बंद झाला. आता शेठ नि मी.

*बाई बसल्या,* मी तोंड केलं. *अजून बोलत न्हायत. एकाच जागी फिरतायत, अंगनात रांगोळी काढायची जागा बघतात तशा. आता वाकल्या. एक ठिपका टाकला. उभ्या राहून लांबून बघतायत.*

"घाई न्हाय ना केली?" शेठ एवढ्या मोठ्यानं बोल्ले की हरेशनं दचकून माझा माइक बंद हाय का बघितलं.

*घाई न्हाय. दुसरा ठिपका. आता वर गेल्या, पन पुरत्या न्हाय. हात पुरवून बघितला फक्त.*

शेठनी डोळे मिटायला घेतले, नि परत उघडले. मिटले तर गानं बंद पडतं ना. असं कितीतरी वेळ चाललं. माझे जबडे दुखाया लागले. मंग तबला आला. बाईंनी बंदिश धरली.

"ताल?"

*तीनताल.*

"सम दाव."

मी बोट वर धरलं, नि सम आली तसं खाली आपटलं. शेठनी हात मांडीवर घेतला. धा, मंग मोजनी, मंग टाळी, खालीच्या जागी, जिथं टाळी न्हाय, हात हवेत उलटा, परत टाळी. मी पुढची सम बोटानं दावली, त्यांचा हात तिथंच पडला. त्याच्या पुढची दावायची गरज लागली न्हाय. ऐकू न येनारा मानूस नि बाई, दोघं एका जागी येत होते. जरा पळाया लागले की मी तोंड करायचो, *धरून शेठ, धरून,* नि ते धरायचे. त्यासाठी त्यांना माझ्या ओठांवरनं नजर काढता येत नव्हती.

मला उशिरानं का होईना उमगलं, आता ह्यांना खिडकी न्हाय.

*लूमखालून तुमी मला वर काढलं,* मी बोल्लो. *मालकानं वाकून जॉबरला इचारलं, काय झालं. असं कोनी इचारत न्हाय शेठ.*

शेठनी माझ्याकडं डोळे वटारले. हात चालूच. मान फिरवतात का बघितलं, फिरवली न्हाय. फिरवली तर मोजनी जाते.

"चोर हाय तू," ते बोल्ले. "बरोबर जागा बघून धरलास."

*घरी आज चंद्रा हाय, भात हाय, नि शुक्रवारी गाव माझी वाट बघतं. हे तुमच्यामुळं.*

"बोल, बोलून घे. मला काम हाय."

मंग मी सगळं बोललो. वाटेभर घोकलेलं, नि न घोकलेलं बी. आवाजाचा एक कन न्हाय, काचेमागं हरेश नि सईदा बघत होते, त्यांना काय कळलं न्हाय, नि कळायचं कारन बी न्हाय. शेठचे डोळे भरले, पान्यातून माझे ओठ नीट दिसत नव्हते, म्हनून त्यांनी रागानं बाहीला पुसले, दुसऱ्या हातानं. पयला हात तालावर होता.

बाई तिहाईवर आल्या, एकच तुकडा तीनदा नि मंग सम. शेठचा हात वर गेला नि मांडीवर पडला. तबल्याच्या जरासा आधी, नि ते त्यांनी माझ्या तोंडावर बघितलं.

"तबलेवाला मागं ऱ्हायला," शेठ बोल्ले.

मी बोल्लो, *हां शेठ. मागंच ऱ्हायला तो.*